तीन वेळा धुतलेलं चिपाड

पोस्टडॉक म्हणजे नेमकं काय, हे बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी माझ्या सासऱ्यांना पटवू शकलो नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस एकदा डॉक्टर झाला की झाला. त्यानंतरही तो वर्षावर्षाच्या मुदतीवर प्रयोगशाळेत राबत असेल, तर एक तर त्याच्या डॉक्टरकीत खोट आहे किंवा जावई थापा मारतोय. सासरे गेले, मीही गेल्या वर्षी निवृत्त झालो, आणि आता आमच्या इथल्या मराठी मंडळाने दिवाळी अंकाची चार पानं माझ्या हवाली केली आहेत. तेव्हा म्हटलं, निदान तुम्हाला तरी सांगून बघावं.

सुरतेतल्या एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या इमारतीत, तळमजल्यावर, सांडपाणी साफ करण्याच्या संशोधनाची प्रयोगशाळा आहे. तिथे मी तंत्रसहायक होतो. भट्टी पेटवायची, शुद्ध पाणी बनवायचं, येणारा माल चाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि प्रत्येक गोष्ट नोंदवहीत लिहून सही ठोकायची. डोकं त्यांचं आणि हात आमचे, अशी वाटणी. इमारतीत मला सगळे सोनवणेभाई म्हणत. मराठी कोणी आलं तर सोनवणेकाका.

पोस्टडॉक हा पीएच.डी. पुरी झालेला, पण कायमची खुर्ची न मिळालेला माणूस. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावर तो एका वर्षासाठी येतो. वर्ष संपलं की समिती बसते आणि काम बघून दुसरं वर्ष देते किंवा नारळ देते. तेवढ्यात त्याला काहीतरी नवं शोधून, छापून दाखवायचं असतं. वसतिगृहाचे वॉर्डन म्हणतात, तुम्ही विद्यार्थी नाही. क्वार्टर देणारे म्हणतात, तुम्ही कर्मचारी नाही. म्हणजे ना घरचा ना घाटचा. केरळचे एक गृहस्थ आमच्याकडे दोन वर्षं होते, पण त्यांनी बॅग काही उपसली नाही. कपडे बॅगेतून काढायचे, धुऊन बॅगेत ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, कपाट लावलं की मन लागतं, आणि मन लागलं की मुदत संपते.

दुसरे एक होते, भुवनेश्वरचे. त्यांना दोन दिवस प्रत्येक नमुन्यात काहीतरी अनोळखी लाल पदार्थ सापडत होता. बिचारे जेवण सोडून ग्रंथालयात बसले; बहुधा नवा शोध लागला असं त्यांना वाटलं असावं. तिसऱ्या दिवशी मला आठवलं, दसऱ्याला आम्ही सगळ्या यंत्रांना कुंकू लावलं होतं, आणि ते वाळून त्यांच्या काचपात्रात झडत होतं. मी सांगितल्यावर ते इतके हसले की मला आधी भीती वाटली. पुढच्या दसऱ्यापासून यंत्रांना फक्त फूल. आमच्या धंद्यात कुठलाही कण फुकटचा नसतो, हे मी तेव्हाच शिकलो होतो, आणि तरी पुढे विसरलो. तेच आज सांगायचं आहे.

डॉ. शिल्पा भालेराव परभणीहून आली. तिशी ओलांडलेली, बारीक चणीची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. घरी लग्नाचा लकडा होता. दोन वर्षांत कुठेतरी प्राध्यापक होऊन दाखवते, तोवर विषय काढायचा नाही, अशी आईकडून कबुली घेऊन ती निघाली होती. पहिल्याच दिवशी मी मराठी आहे हे कळल्यावर तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, "काका, इथं ज्वारीचं पीठ कुठं मिळतंय?" मी तिला सुरतेच्याच पांडेसरा भागातली गिरणी सांगितली. तिथून आमचं जमलं.

तिचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा होता. माझे वडील पांडेसऱ्याच्या एका कापडाच्या रंगाईघरात आयुष्यभर होते. आज कोणता रंग चालला हे आम्ही पोरं त्यांच्या टाचा बघून ओळखायचो. तेच रंगीत पाणी साफ करायला शिल्पाला स्वस्त कोळसा बनवायचा होता, तोही उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडापासून. चिपाड धुवायचं, वाळवायचं, बंद भट्टीत हवेशिवाय भाजायचं. तयार झालेली काळी भुकटी रंगाच्या पाण्यात घालून हलवायची, गाळायची, आणि किती रंग उरला ते यंत्रावर मोजायचं. एवढंच. वडील असते तर त्यांना पाच मिनिटांत समजलं असतं.

चिपाडाची सोय मी केली. माझा साडू बारडोलीकडे एका साखर कारखान्यात कामाला, चुन्याच्या विभागात. उसाचा रस साफ करायला त्यात चुन्याचं पाणी घालतात, ते काम त्याचं. त्याने गळीत हंगामात एक पोतं चिपाड भरून दिलं आणि मी ते स्कूटरवर पायांमध्ये ठेवून घेऊन आलो.

आता माझं पाप. कामाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: चिपाड शुद्ध पाण्यात तीन वेळा धुवावं. त्या आठवड्यात शुद्ध पाण्याच्या यंत्राची कॉइल जळली होती, थेंब थेंब पाणी मिळत होतं. शिल्पाला घाई होती, आणि मला नंदुरबारला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. शिवाय मनात थोडा शहाणपणाही होता. चिपाड कारखान्यातच गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून गेलेलं असतं, ते आणखी काय धुवायचं? मी ते निवडलं, चाळलं आणि तसंच वाळवायला ठेवलं. नोंदवहीत 'धुतलं' या रकान्यात तीन बरोबरच्या खुणा केल्या, सही केली आणि गाडी पकडली. आयुष्यात पहिल्यांदाच केलं असं म्हणणार नाही. पण याआधी कधी कोणाचं नुकसान झालं नव्हतं.

लग्नाहून आलो तर प्रयोगशाळेत दिवाळी. शिल्पाच्या कोळशाने लाल रंगाचं पाणी अगदी पिण्याच्या पाण्यासारखं करून टाकलं होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रकल्पाचे प्रमुख देसाईसाहेब मोजकं बोलणारे, त्यांनीही सगळ्यांसाठी सुरतेची घारीची मिठाई मागवली. पुढे शोधनिबंध छापून आला, समितीने दुसरं वर्ष दिलं, आणि एका महाविद्यालयात मुलाखतीचं बोलावणं येण्याची चिन्हं दिसू लागली. मीही घरी सांगत सुटलो की कोळसा आम्ही बनवला.

पहिलं पोतं त्या सगळ्यात संपलं. दुसऱ्या हंगामात एका बाहेरच्या विद्यापीठाने पत्र पाठवलं की तुमच्या पद्धतीने आम्हाला जमत नाही, थोडा कोळसा पाठवा. शिल्पा म्हणाली, ताजाच बनवू. मी साडूला फोन केला. ते ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी मध्येच त्याला बजावलं की या वेळी चांगल्या नव्या पिशवीत भरा, मागच्या वेळी यांची पँट घासता घासता माझे हात सोलले. साडूने नवीकोरी प्लास्टिकची गोण भरून दिली. या वेळी पाण्याचं यंत्रही धड होतं आणि मनात मागची टोचणी होती, म्हणून मी चिपाड खरोखर तीन वेळा धुतलं. अगदी बाप्पाची मूर्ती पुसावी तसं. भाजलं, कुटलं, चाळलं आणि समाधानाने सही केली.

त्या कोळशाने जवळजवळ काहीच रंग पकडला नाही.

शिल्पाला आधी वाटलं, वजन चुकलं. मग भट्टीवर संशय गेला, भट्टी तपासली. मोजायच्या यंत्रावर गेला, यंत्र तपासलं. रंगाचा डबा बदलला, रंगाच्या पाण्यातलं आम्ल कमीजास्त केलं, हलवण्याचा वेग बदलला. दीड महिना ती एकेक पायरी खरवडत होती आणि रोज थोडी बारीक होत होती. एकदा माझ्यासमोर नोंदवही उघडून ती ओळीओळीवर बोट फिरवत होती. धुण्याच्या रकान्याशी बोट आलं, आणि तिने पान उलटलं. "ते राहू द्या," ती स्वतःशीच म्हणाली, "तिथं काकांची सही आहे."

हे ऐकून मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तरी मी बोललो नाही. का, ते खरं सांगतो. एक तर मला वाटत होतं की न धुतलेल्या मालाने काम चांगलं होईलच कसं. घाणीने कधी गुण येतो का? म्हणजे माझ्या चुकीचा याच्याशी संबंध नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. आणि दुसरं, निवृत्तीला सात महिने होते. खोटी नोंद म्हणजे चौकशी. बत्तीस वर्षांची अब्रू सात महिन्यांसाठी कशाला घालवायची?

तेवढ्यात इमारतीत कुजबुज सुरू झाली. पहिले आकडे बाईंनी घरी बसून लिहिले, असं कोणीतरी चहाच्या टपरीवर बोललं. असली गोष्ट आमच्या जगात एकदा चिकटली की जन्मात सुटत नाही. कायमच्या नोकरीवरचा माणूस निभावून नेतो, पण पोस्टडॉकजवळ नावाशिवाय दुसरं असतं काय? समितीची बैठक दोन आठवड्यांवर आली. देसाईसाहेबांनी शिल्पाला बोलावून सांगितलं की निबंध आपणहून मागे घे आणि मुदत संपायच्या आत राजीनामा दे, म्हणजे मला वाईट शेरा लिहावा लागणार नाही. त्यांच्या परीने ते तिला वाचवतच होते. ती बाहेर आली, तोंड धुतलं आणि पुन्हा चमचाभर कोळसा तोलायला बसली. मी तिच्या पाठीमागे उभा होतो. काटा काही स्थिर राहीना, आणि ती पुन्हा पुन्हा तोलत राहिली.

त्या संध्याकाळी मी पुढ्यातली भाकरी मोडेना, तेव्हा बायकोने विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं. ती घरात अहिराणीच बोलते. शांतपणे म्हणाली, "तुम्ही सांगी टाका. नोकरी जाई ते जाई, पन झोप ते येई." मग थोड्या वेळाने, माझ्या ताटाकडे बघून, "ती पोर तुम्हना भरवसावर बठेल शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळा उघडली आणि शिल्पा आल्या आल्या तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बोलायचं काय ते रस्ताभर घोकलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की पहिलं पोतं मी धुतलंच नव्हतं. खुणा खोट्या आहेत.

ती बघतच राहिली. "काका, तुम्ही काय सांगायलाव?"

मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, आता ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. पण ती ओरडली नाही. तिने दार लावलं, कोरा कागद घेतला आणि म्हणाली, "कारखान्याच्या फाटकापासून भट्टीच्या दारापर्यंत सगळं सांगा. एकही पायरी गाळू नका. आता तरी गाळू नका." ते 'आता तरी' मला अजून लागतं.

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. साडूने पोतं कुठे भरलं, स्कूटरवर कसं ठेवलं, कुठे थांबलो. पोतं पायांमध्ये होतं हे सांगताना पँट आठवली, आणि पँटीवरून बायकोची कुरकुर. मी म्हणालो, माझी खाकी पँट गुडघ्यापासून खाली पांढरी फेक झाली होती.

तिची लेखणी थांबली. "पांढरी कशानं?"

मी म्हणालो, चुन्याने. साडू चुन्याच्या विभागात आहे, त्याने चुन्याच्याच रिकाम्या पोत्यात चिपाड भरलं होतं.

शिल्पाने 'चुना' असं लिहून त्याभोवती गोल काढला. मग तिने मला समजावलं, तेही अगदी हळू आवाजात, जणू मोठ्याने बोललं तर ते उडून जाईल. चिपाडाला चुन्याची पूड चिकटलेली होती. ती धुतली असती तर निघून गेली असती. मी धुतलं नाही, म्हणून ती चिपाडासोबत भट्टीत भाजली गेली, कोळशात मुरली, आणि तो लाल रंग तिनेच धरून ठेवला. दुसऱ्या खेपेला पोतं चुन्याचं नव्हतं, आणि मी धुतलंही होतं. म्हणजे आळसाने जे साधलं होतं, ते इमानदारीने बिघडवलं होतं. पण हा अंदाज होता. खरं-खोटं भट्टीच सांगणार होती.

दुसऱ्या गोणीतलं, धुवायचं राहिलेलं चिपाड आम्ही घेतलं. साडूकडून चुन्याचं रिकामं पोतं आणलं. त्यात चिपाड भरून मी स्कूटरवर तेवढाच रस्ता पुन्हा फिरवून आणलं, कारण शिल्पा म्हणाली, धक्केसुद्धा तेवढेच बसू देत. मग न धुता वाळवलं, भाजलं, कुटलं. या वेळी प्रत्येक पायरीला ती माझ्याजवळ उभी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी लाल पाण्यात तो कोळसा पडला आणि फ्लास्क हलू लागला. गाळणकागदातून पहिला थेंब खाली पडला.

थेंबाला रंग नव्हता.

शिल्पाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ती रडली. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात, तो खरंच उतरतो. मला कॉरिडॉरमध्ये जाऊन मोठा श्वास घ्यावा लागला. त्यानंतर तिने चुना मोजून घालत आणखी आठ नमुने केले, आणि आठही ओळीने बरोबर आले.

आता राहिले देसाईसाहेब. शिल्पा म्हणाली, मी एकटी जाऊन सांगते, तुमचं नाव घेत नाही, पोतं चुन्याचं निघालं एवढंच सांगते. मी म्हटलं, नाही. पुन्हा एक पायरी गाळायची नाही. साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "सोनवणेभाई, आ शुं कर्युं तमे?" हे काय केलंत तुम्ही, एवढाच प्रश्न, पण बत्तीस वर्षांत मला कोणी इतकं बोललं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं. माझ्या सेवापुस्तकात लेखी ताकीद लागली. त्या तीन खोट्या खुणांवर मी लाल शाईने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: धुतलं नव्हतं. खाली तारीख आणि सही. हे सगळं व्हायला हवं होतं, आणि झालं ते बरं झालं.

समितीसमोर शिल्पाने जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवले. दुरुस्तीचं टिपण छापायला गेलं. त्यात कोणाचं नाव नव्हतं, पण एक वाक्य होतं की पहिल्या खेपेचा कच्चा माल धुतलेला नव्हता आणि त्यावर चुना होता. म्हणजे माझा आळस आता जगभर छापील आहे. बाहेरच्या त्या विद्यापीठालाही चुना घालून जमलं. कुजबुज थांबली, मुदत वाढली. त्या महाविद्यालयाचं बोलावणंही आलं. मुलाखतीच्या वेळी एका साहेबांनी याच प्रकरणावर तिला अर्धा तास सोलून काढलं, आणि शेवटी तिलाच घेतलं. आईला दिलेली मुदत दोन-तीन महिन्यांनी चुकली, पण आईने कुरकुर केली नाही म्हणे.

पुष्कळदा मनात येतं, मी दीड महिना आधी बोललो असतो तर? तिचे ते दिवस मला परत देता येत नाहीत. ती हे कधी बोलून दाखवत नाही, म्हणून जास्त वाटतं.

ती जाण्याआधीचा आणि माझ्या निवृत्तीच्या आठवड्यातला एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. शेवटचं एक पोतं धुवायचं होतं. शिल्पाने नोंदवहीत धुण्याच्या रकान्याशेजारी पट्टी ठेवून एक नवा रकाना आखला: बघणाऱ्याची सही. आधी माझ्या मनाला ते जरा बोचलं. मग ती बाह्या सरसावून टबाशेजारी उभी राहिली आणि मी पाणी ओतताना मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. तीन. मी सही केली. तिने टबात हात घालून चिपाड वरखाली केलं, शेवटचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरलं, नीट बघितलं, आणि मगच माझ्या सहीशेजारी आपली सही केली.

"रागावला नाहीत ना काका?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही. ही सही तिथे पहिल्या दिवसापासून असती, तर त्या दिवशी माझी नंदुरबारची गाडी चुकली असती, आणि बरं झालं असतं.